दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म : १७ जानेवारी १९०५, डहाणू, मृत्यू : १९८६, देवळाली) हे अंकांच्या गुणधर्मांवर संशोधन करणारे मराठी गणितज्ञ व शालेय शिक्षक होते. चार अंकी संख्यांच्या वजाबाकीतून हाती येणारी ६१७४ ही संख्या त्यांच्यामुळे ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने जगभर ओळखली जाते. कापरेकर संख्या, स्वयंभू संख्या, हर्षद संख्या व डेमलो संख्या हे संख्यांचे प्रकारही त्यांनीच अभ्यासात आणले. त्यांनी गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतले नव्हते आणि कोणत्याही विद्यापीठात वा महाविद्यालयात नोकरी केली नाही. उभे आयुष्य देवळालीच्या शाळेत शिकवत त्यांनी हे संशोधन केले आणि त्यातील बरेचसे स्वखर्चाने छापले. चाहत्यांमध्ये ते ‘गणितानंद’ या नावाने परिचित होते.

बालपण व शिक्षण

कापरेकर यांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला (डहाणू आता पालघर जिल्ह्यात आहे). ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले व पुढे वडिलांनीच त्यांचा सांभाळ केला. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर अंश, कला, घटी आणि पळे यांचे हिशेब सतत करावे लागतात. या आकडेमोडीची गोडी मुलाला लागली. वडिलांचा कल भविष्याकडे होता. मुलाच्या वाट्याला त्यातले केवळ गणित आले आणि ते आयुष्यभर पुरले.

माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. शाळेत असतानाच त्यांना अंकांची कोडी व लघुरीती यांचे वेड लागले होते. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठात सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळवणारे पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे नाव या महाविद्यालयाशी कायमचे जोडलेले आहे. त्यांच्याच नावाने दिले जाणारे गणितातील स्वतंत्र कार्याचे पारितोषिक कापरेकर यांना १९२७ मध्ये मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेऊन ते बाहेर पडले. गणिताचे शिक्षण न झालेला एक मास्तर अशी त्यांची प्रतिमा कधी कधी रंगवली जाते, ती बरोबर नाही. पदवीपर्यंतचे गणित ते रीतसर शिकले होते व त्यात त्यांनी नैपुण्यही दाखवले होते. त्यांना मिळाले नाही ते त्यापुढचे संशोधनाचे प्रशिक्षण.

देवळालीतील अध्यापन

१९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत कापरेकर यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवले. देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. ब्रिटिश काळात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत सैनिक येथील तळावर कंटाळून राहत. त्यातून गावाच्या नावाचा अपभ्रंश इंग्रजी बोलीत वेडसरपणा या अर्थाने रूढ झाला. याच गावाचे नाव पुढे कापरेकर यांनी संख्यांच्या एका प्रकाराला दिले आणि ते गणिताच्या ग्रंथांतही गेले.

शाळेचे काम सांभाळून उरलेल्या वेळात ते आकडेमोड करीत. संशोधनासाठी त्यांना लागणारी सामग्री कागद व पेन्सिल एवढीच होती. आवर्ती दशांश अपूर्णांक, जादूचे चौरस आणि विशेष गुणधर्मांच्या पूर्णांक संख्या हे त्यांचे आवडते विषय होते. परिसरातील शाळा-महाविद्यालयांत ते व्याख्याने देत आणि विद्यार्थ्यांना अंकांचे चमत्कार उलगडून दाखवीत. गणित परिषदांच्या अधिवेशनांनाही ते पदरमोड करून जात.

डेमलो संख्या

मुंबईहून निघणाऱ्या तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेला कल्याण येथे दोन फाटे फुटतात. एक कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याला जातो, तर दुसरा कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीमार्गे देवळाली-नाशिककडे. कापरेकर यांचे महाविद्यालय पहिल्या मार्गावर व नोकरीचे गाव दुसऱ्या मार्गावर होते. त्यांच्या एका सुरुवातीच्या कल्पनेचे नावही याच रेल्वेवरून आले आहे. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील डेमलो या स्थानकावर ती कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना डेमलो संख्या म्हटले.

डेमलो संख्येचे तीन भाग पडतात. डावा व उजवा भाग यांची बेरीज केली की जो अंक मिळतो, त्याचीच पुनरावृत्ती मधल्या भागात असते. उदाहरणार्थ, २५५३ या संख्येत डावीकडचे २ व उजवीकडचे ३ मिळून ५ होतात आणि मध्ये ५ हाच अंक आहे. केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांचे वर्ग हे डेमलो संख्यांचे सर्वांत देखणे रूप आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा येतो.

६१७४ : कापरेकर स्थिरांक

सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून एक व चढत्या क्रमाने मांडून दुसरी संख्या तयार करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या वजाबाकीवर हीच क्रिया पुन्हा करावी. वजाबाकी तीन अंकी आली तर डावीकडे शून्य लिहून ती चार अंकी मानावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि तिच्यावर क्रिया केली असता पुन्हा तीच मिळते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

कापरेकर यांचे जन्मवर्ष १९०५ हे उदाहरण म्हणून घेता येईल. ९५१० − ०१५९ = ९३५१; ९५३१ − १३५९ = ८१७२; ८७२१ − १२७८ = ७४४३; ७४४३ − ३४४७ = ३९९६; ९९६३ − ३६९९ = ६२६४; ६६४२ − २४६६ = ४१७६; ७६४१ − १४६७ = ६१७४. योगायोगाने या वर्षाला पुऱ्या सात पायऱ्या लागतात.

ही क्रिया वाटते तेवढी गूढ नाही. तिचे कारण समजून घेण्यास शालेय बीजगणित पुरते. संख्येतील सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर वजाबाकी अवलंबून असते. पहिल्या फरकाची ९९९ पट अधिक दुसऱ्याची ९० पट म्हणजे ती वजाबाकी. १९०५ साठी पहिला फरक ९ व दुसरा ४ आहे; ८९९१ + ३६० = ९३५१. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो व दुसरा फरक पहिल्याहून मोठा असू शकत नाही. त्यामुळे अशा जोड्या केवळ ५४ होतात. म्हणजेच सुरुवातीची संख्या कोणतीही असली, तरी पहिल्याच पायरीनंतर ५४ शक्यता उरतात आणि त्या प्रत्येकीचा माग हाताने काढता येतो. त्या सर्व वाटा अखेर एकाच संख्येला मिळाव्यात, याची मात्र आधी खात्री देता येत नाही. तीन अंकी संख्यांना ४९५ हा असाच एक स्थिरांक आहे. दोन अंकी संख्या ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. पाच अंकी संख्यांना स्थिरांकच नाही, तर सहा अंकी संख्यांना ५४९९४५ व ६३१७६४ असे दोन स्थिरांक आहेत आणि शिवाय एक चक्रही आहे.

कापरेकर यांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत मांडला. १९५५ मध्ये ६१७४ या संख्येवरील त्यांचे छोटे टिपण न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कापरेकर संख्या

एखाद्या संख्येचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे पाडले व त्यांची बेरीज मूळ संख्येइतकी आली, तर ती कापरेकर संख्या होय. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३. यांच्या यादीत ९, ५५, ९९, ९९९, २२२३, ४९५०, ५०५०, ७७७७ याही येतात. त्यांतील अनेकांची जोडी लागते. ४५ व ५५ मिळून १००, २९७ व ७०३ मिळून १०००, २२२३ व ७७७७ मिळून १०,००० होतात.

यामागचे कारण असे : वर्गाचे तुकडे दोन-दोन अंकांचे असतील, तर संख्या आणि तिच्याहून एकने लहान संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने नि:शेष भाग जावा लागतो. लगतच्या दोन संख्यांत १ खेरीज सामाईक विभाजक नसतो. म्हणून ९९ चे ९ व ११ हे सहमूळ अवयव दोघींत वाटले जातात. ४५ ला ९ ने व ४४ ला ११ ने भाग जातो. ५५ ला ११ ने व ५४ ला ९ ने. तीन अंकांच्या तुकड्यांसाठी ९९९ = २७ × ३७ ही फोड हेच काम करते. २९७ ला २७ ने व २९६ ला ३७ ने भाग जातो, तर ७०३ ला ३७ ने व ७०२ ला २७ ने. अशा रीतीने वरवर करमणूक वाटणारा प्रश्न ९, ९९, ९९९ या मालिकेतील संख्यांच्या अवयवांपाशी येऊन थांबतो. या संख्या फार मोठ्या झाल्या की त्यांचे अवयव पाडणे हे अंकशास्त्रातील खरोखर कठीण काम ठरते.

स्वयंभू अथवा देवळाली संख्या

प्रसिद्धी ६१७४ ला अधिक मिळाली असली, तरी कापरेकर यांची सर्वांत मूलगामी कल्पना कदाचित हीच म्हणावी लागेल. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २१ पासून २४ मिळते, २४ पासून ३०, ३० पासून ३३ आणि असेच पुढे. येथे २१ ही २४ ची जनक संख्या होय. ज्या संख्येला असा एकही जनक नाही, ती स्वयंभू. पहिल्या शंभरात १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ व ९७ अशा तेरा स्वयंभू संख्या आहेत. आपल्या गावावरून कापरेकर यांनी त्यांना देवळाली संख्या हेही नाव दिले.

काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या मात्र थेट दहा लाख कोटी एक, म्हणजे १ नंतर बारा शून्ये व शेवटी पुन्हा १ अशी आहे. तेथपर्यंत एकेक संख्या तपासत जाणे माणसाला अशक्य आहे. अंक कसे बदलतात व हातचा कोठे येतो, याचा तर्क चालवूनच अशी संख्या सापडू शकते. कापरेकर केवळ आकडे न्याहाळत बसत, असा समज असणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे.

या विषयावरील त्यांचे ‘नव्या स्वयंभू संख्यांचे गणित’ या आशयाच्या शीर्षकाचे इंग्रजी पुस्तक १९६३ मध्ये देवळालीहूनच निघाले. १९६३ ही स्वतःही एक स्वयंभू संख्या आहे आणि कापरेकर शाळेत रुजू झाले ते १९३० हे वर्षही.

हर्षद संख्या

जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला कापरेकर यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, हे संस्कृत नाव दिले. १२ ला ३ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद. रामानुजन यांच्या नावाशी निगडित असलेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ असून १९ × ९१ = १७२९; येथे दोन्ही गुणक एकमेकांचे उलटे आहेत. ६१७४ हीदेखील हर्षदच आहे, कारण तिच्या अंकांची बेरीज १८ आणि १८ × ३४३ = ६१७४.

उपेक्षा व मान्यता

कापरेकर यांच्या कामाकडे हयातीतील बराच काळ भारतातील व्यावसायिक गणितज्ञांनी फारसे लक्ष दिले नाही. काहींनी त्याची थट्टाही केली. त्यांचे लेखन बहुधा रंजनात्मक गणिताच्या नियतकालिकांतून येई किंवा ते स्वतःच लहान पुस्तिका छापून काढीत. शिक्षकाच्या पगारात हा खर्च सोपा नव्हता.

आक्षेप घेणाऱ्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते, असे मात्र नाही. संख्येचे अंक हे तिच्या लेखनपद्धतीवर अवलंबून असतात. दहाऐवजी आठ वा बारा या आधाराने संख्या लिहिल्या, तर ६१७४ चे वैशिष्ट्य उरत नाही. मूळ संख्येचे मूळपण मात्र कोणत्याही लेखनपद्धतीत टिकते. त्यामुळे अंकांच्या मांडणीवर आधारलेले निष्कर्ष अंकशास्त्राच्या मुख्य प्रवाहात दुय्यम मानले जातात. शिवाय कापरेकर यांनी जितके शोधले, तितके सिद्ध केले नाही. अनेक सिद्धता नंतरच्या अभ्यासकांनी दिल्या. परंतु विचारण्याजोगा नवा प्रश्न सापडणे हेही गणितातील कामच आहे, आणि ते त्यांना इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा साधले. आधार बदलला की काय होते, हा आक्षेपही पुढे स्वतंत्र संशोधनाचा विषय बनला.

मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील गणिती खेळांच्या सुप्रसिद्ध सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकर यांच्या कार्याचा परिचय करून दिला. हे सदर गणिताचे हौशी वाचक जसे वाचत, तसेच प्राध्यापकही वाचत. त्यानंतर देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाचे नाव अनेक देशांत पोहोचले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतरचा काळ आर्थिकदृष्ट्या ओढगस्तीचा होता. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून ते गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घेत. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. संशोधन व लेखन मात्र थांबले नाही. कापरेकर संख्यांवरील त्यांचा एक लेख रंजनात्मक गणिताच्या अमेरिकन नियतकालिकात १९८०-८१ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पंचाहत्तरीनंतर, प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

पुढील संशोधन

१९७७ मध्ये अंकशास्त्रज्ञ आयव्हन निव्हन यांनी एका परिषदेतील व्याख्यानात हर्षद संख्यांचा उल्लेख केला. त्यावरून या संख्यांना निव्हन संख्या असेही म्हटले जाऊ लागले आणि दोन्ही नावे आज प्रचारात आहेत. लागोपाठच्या २१ संख्या सर्वच्या सर्व हर्षद असू शकत नाहीत, लागोपाठच्या २० मात्र असू शकतात, हे कूपर व केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. १९८१ मध्ये प्रिचेट, लुडिंग्टन व लापेंटा यांनी दशमान पद्धतीतील सर्व अंकलांबींच्या कापरेकर स्थिरांकांचे स्वरूप निश्चित केले. संख्या कितीही मोठ्या घेतल्या, तरी त्यांत स्वयंभू संख्यांचे प्रमाण शून्याकडे न झुकता एका ठरावीक मूल्यापाशी स्थिर होते, हे इटलीचे उंबेर्तो झानिएर यांनी १९८२ मध्ये दाखवले. कापरेकर संख्या व वर सांगितलेले ९, ९९, ९९९ यांचे अवयव यांतील संपूर्ण नाते डग्लस इयानुच्ची यांनी २००० मध्ये मांडले. संगणकाची आज्ञावली लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ६१७४ पर्यंत पोहोचण्याची क्रिया आता अनेक ठिकाणी सरावासाठी दिली जाते.